एकशे सत्तावीस दात्यांचे गिअर

भारताने मेट्रिक मापे कधी स्वीकारली, असा प्रश्न परीक्षेत आला तर उत्तर सोपे आहे. १९५६ चा कायदा आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अंमल. पण इंचात घडलेल्या यंत्रांनी मिलिमीटर कसा स्वीकारला, हे कोणी विचारत नाही. माझ्याही डोक्यात हा प्रश्न आला तो मामूंच्या वहीमुळे.

मामूंचे कोल्हापुरात उद्यमनगरला छोटे वर्कशॉप आहे. तिथे इंग्रजी बनावटीचा एक जुना लेथ आहे. आमच्या घरात त्याला ‘खराद’ म्हणतात. असे काम करणाऱ्याला अरबीत ‘खर्रात’ म्हणतात. तोच शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आमच्यापर्यंत आला. लाकडाचे तेच काम करणारा मराठीत कातारी. यंत्र विलायती, नाव अरबी वळणाचे, आणि त्यावर दुरुस्त होतात गुऱ्हाळाच्या घाण्याचे नि पंपाचे भाग!

१८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने लीड स्क्रू, सरकता टूलपोस्ट आणि बदलता येणारे गिअर एकाच लोखंडी लेथवर नीट बसवले. त्याआधीही असे प्रयत्न झाले होते; पण एकसारखे आटे पाडणे नेहमीचे काम झाले ते या रचनेमुळे. चक एक फेरा फिरला की टूल किती पुढे जायचे, हे मधले गिअर ठरवतात. गिअर बदला, आटे बदलतात.

मामूंचा लेथ आला तेव्हा लाइन शाफ्टवरच्या चामडी पट्ट्याने चालायचा. मामूंनी त्याला स्वतंत्र मोटर बसवली. बेड चकजवळ जास्त झिजला होता, कारण सॅडलची बहुतेक ये-जा तिथेच होते. त्यामुळे लांब जॉब एकसारख्या व्यासाचा निघेना. मामूंनी निळा रंग लावून उंचवटे शोधले आणि स्क्रेपरने दिवसेंदिवस खरवडून बेड सरळ केला. स्पिंडलचे गनमेटलचे बुश बदलले. तेल देणे तर रोज सकाळी बिस्मिल्लाह म्हणून, आजही.

खरी अडचण मापाची होती. जुन्या इंजिनांचे आटे इंचातले, नव्या यंत्रांचे मिलिमीटरमधले. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच बरोबर १२७ मिलिमीटर. १२७ ही मूळ संख्या, तिचे लहान अवयव पडत नाहीत. म्हणून इंची लेथवर अगदी अचूक मेट्रिक आटे हवे असतील तर १२७ दात्यांचेच गिअर लागते. मामूंनी बिडाची चकती याच लेथवर तासली आणि शेजारच्या मिलिंगवाल्याकडून दाते पाडून घेतले. लेथने आपला नवा अवयव जवळजवळ स्वतःच घडवला! इंच मोडला नाही. त्याच्याशेजारी मिलिमीटरला जागा झाली.

हे सारे मामूंनी उर्दूत वहीत लिहून ठेवले होते. आता त्यांची नजर अधू झाली आहे. हाताखालचा नवा मुलगा राधानगरीकडचा, त्याला उर्दू येत नाही. मामू मला म्हणाले, “मास्टर, तू दोन्ही शिकवतोस. वही मराठीत उतरवून दे.”

मी सुट्टीत बसून ती उतरवली. त्यात सूचनाही होत्या: मेट्रिक आटे पाडताना हाफ नट उघडायची नाही, मशीन उलटे फिरवून सॅडल मागे आणायचे, नाहीतर टूल पुन्हा त्याच आट्यात पडत नाही. हे सगळे बरोबर उतरले. चूक झाली ती तक्त्यात. उर्दू तक्ता उजवीकडून सुरू होतो. मी आकडे जसे दिसले तसे जागच्या जागी लिहिले आणि मथळे मात्र मराठी सवयीने डावीकडून घातले: आधी चालवणारे गिअर, मग चालणारे. दोन मिलिमीटरच्या आट्यांसाठी स्पिंडलकडे ४० दाते आणि लीड स्क्रूवर १२७ हवे होते. माझ्या वहीत ते उलटे झाले.

मुलाने वहीबरहुकूम गिअर चढवले. मामूंचा नियम असा की मोटर सुरू करण्याआधी चक हाताने एक फेरा फिरवायचा. फेरा फिरला आणि टूल दोनऐवजी वीस मिलिमीटर पुढे गेले. मोटर चालू असती तर टूल, जॉब आणि कदाचित मुलाचा हातही गेला असता. मामू एवढेच म्हणाले, “मास्टर, जबान पलटी, पर हिसाब नै पलटा.”

हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले, असे सूरह सबामध्ये येते. चिलखताच्या कड्या मापात ठेवण्याची आज्ञाही तिथेच आहे. आम्ही लोखंडाचा चमत्कार सांगतो, मापाची आज्ञा विसरतो.

इतिहासात कायदे येतात, कारखानदार येतात. गिअरचे तक्ते भंगारासोबत किलोने जातात. तुमच्या घरी अशी वही असेल तर ती रद्दीत घालण्याआधी उतरवून घ्या. आणि जिची वही आहे ती व्यक्ती हयात असेल तर तिच्यासमोर बसूनच उतरवा.