पोवार समाज : इतिहास, श्रद्धा, परंपरा आणि बोली

लामता : बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार हा मोठा शेतकरी समाज आहे. मध्य प्रदेशात बालाघाट आणि सिवनी, महाराष्ट्रात गोंदिया आणि भंडारा, असा त्याचा मुख्य पसारा. राज्यं दोन झाली, तरी सोयरिकी आजही सीमेच्या आरपार होतात.

कुठून आले?
मूळ माळव्यातल्या धारचं, परमार राजा भोजाच्या वंशाचं, अशी समाजाची परंपरेनं चालत आलेली समजूत आहे. तिथून रामटेकजवळचं नगरधन आणि मग वैनगंगेचं खोरं, असा प्रवास सांगतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातला वृत्तांत असा, की चिमणाजी भोसल्यांच्या कटक मोहिमेत केलेल्या मदतीबद्दल पोवारांना या खोऱ्यात पडीक आणि जंगलाची जमीन मिळाली. ती त्यांनी साफ केली, बांध्या पाडल्या आणि धान पिकवलं.

१८६७ मध्ये भंडारा, सिवनी आणि मंडला जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

छत्तीस कुळं
समाजात ३६ कुळं मानतात. बिसेन, पटले, तुरकर, रहांगडाले, कटरे, टेंभरे, बोपचे, हरिणखेडे, शरणागत ही त्यातली काही. कुळ हेच आडनाव, आणि एका कुळात लग्न होत नाही. त्यामुळं लामत्याचा माणूस गोंदियात गेला, की नावावरूनच नातं जुळतं की नाही ते कळतं.

देव आणि सण
घराघरांत दूल्हा देवाला मान आहे. लग्नाच्या वाटेवर वाघानं मारलेला नवरदेव, अशी त्याची कथा. गोंड समाजही याच देवाला पुजतो. पोळा हा बैलांचा मोठा सण. दुसऱ्या दिवशी नारबोद गावाबाहेर टाकतात आणि रोगराई घेऊन जा, असा पुकारा करतात.

बोली कुणाच्या आधारावर?
पोवारीत 'आहे'ला 'से', 'माझा'ला 'मोरो' म्हणतात. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात तिची नोंद आहे. जनगणनेत मात्र ती हिंदीखाली मोजली जाते. २०११ मध्ये पवारी-पोवारी बोलणारे सुमारे ३ लाख २५ हजार नोंदले गेले. यात बैतूल-छिंदवाड्याकडची पवारीही आली. २००१ मध्ये हाच आकडा सव्वाचार लाखांच्या आसपास होता. शाळेत इकडं हिंदी, तिकडं मराठी. पोवारी दोन्हीकडं नाही.

सीमेनं विभागलेला समाज एकत्र कसा राहतो, याचं एक उदाहरण शोमरोनी लोकांचं. हजाराच्या आत असलेले हे लोक नाब्लुसजवळचा गरिझीम डोंगर आणि इस्रायलमधलं होलोन अशा दोन ठिकाणी राहतात. एकीकडं अरबी बोलतात, दुसरीकडं आधुनिक हिब्रू. पण त्यांच्या पूजेची भाषा प्राचीन हिब्रू आहे आणि वल्हांडणाला सगळे गरिझीमवर जमतात. धर्मग्रंथानं त्यांची भाषा धरून ठेवली.

पोवारीला असा ग्रंथ नाही. तिला आधार घरातल्या बोलण्याचा, बांधीतल्या कामाचा आणि लग्नात बायका म्हणतात त्या गाण्यांचा. ही गाणी बहुतेक म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहेत. आजी आहे तोवर ती लिहून किंवा मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवणं, एवढं काम सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नातवंडांना आजच करता येण्यासारखं आहे.