रोझनवाल्ड शाळा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी १९१२ ते १९३२ या काळात खेडोपाडी बांधलेल्या शाळा. एकूण शाळागृहे ४,९७७. त्यांतली काही एकशिक्षकी. शिकागोच्या सिअर्स, रोबक कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझनवाल्ड यांच्या देणगीवरून हे नाव रूढ झाले. खर्चाचा हिशेब पाहिला, तर ते अपुरे वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये गोऱ्या-काळ्यांसाठी ‘वेगळे पण समान’ सोयी हे तत्त्व ग्राह्य धरले. वेगळेपण काटेकोरपणे पाळले गेले, समानता कागदावरच राहिली. काळ्या मुलांची शाळा चर्चमध्ये किंवा मोडकळीस आलेल्या खोपटात भरे. कापूसवेचणी सुरू झाली की पोरे शेतात जात, त्यामुळे शाळेचे वर्ष अवघ्या काही महिन्यांचे असे.

अलाबामातील टस्कीगी या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांना रोझनवाल्ड यांनी १९१२ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, २५,००० डॉलर दिले. त्यांतल्या काही रकमेतून वॉशिंग्टन यांनी परिसरात सहा खेडेशाळा उभारल्या. पहिली लोचापोका येथे १९१३ मध्ये पुरी झाली. खर्च ९४२.५० डॉलर. त्यांत रोझनवाल्ड यांचे ३०० आणि स्थानिक गोऱ्यांचे ३६०. जमिनीसाठी काळ्या गावकऱ्यांनी १५० डॉलर वर्गणी जमवली; त्यांच्या श्रमदानाची किंमत १३२.५० धरण्यात आली.

पुढे हीच पद्धत ठरली : गावाने वर्गणी जमवायची, काउंटीने सरकारी हिस्सा घालायचा, मग देणगी मिळायची. इमारत आणि जागा मात्र काउंटीच्या शाळाखात्याच्या नावे करावी लागे. शिक्षणाची जबाबदारी सरकारने अंगावर घ्यावी, हा त्यामागचा हेतू. पण ज्यांनी जागा घेतली, त्यांच्या हाती मालकी उरली नाही, हेही खरे.

आराखडे आधी टस्कीगीत तयार झाले; १९२० पासून रोझनवाल्ड यांनी स्थापलेल्या निधीच्या नॅशव्हिल कार्यालयातून तिथले सॅम्युएल स्मिथ यांचे आराखडे जाऊ लागले. वीज नव्हती, तेव्हा सारी मदार खिडक्यांवर. वर्गाच्या एकाच भिंतीत उंच खिडक्यांची सलग रांग असे आणि बाके अशी मांडत की उजेड डावीकडून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर किंवा वहीवर पडत नाही. एकशिक्षकी आराखड्यात मुख्य वर्ग, कोट अडकवण्याच्या लहान खोल्या आणि शिवण-सुतारकामाची खोली असे. मध्ये शेगडी पेटे आणि तिच्याभोवती वेगवेगळ्या इयत्तांना एकच शिक्षिका आळीपाळीने शिकवी. पुस्तके बहुधा गोऱ्यांच्या शाळांनी टाकलेली.

१९३२ पर्यंत एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर झाला. त्यांत रोझनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख, कृष्णवर्णीयांच्या वर्गणीचे सुमारे ४७ लाख. बाकी बहुतेक रक्कम सरकारी करांतली. हे करही काळे लोक भरतच होते; म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला. त्यानंतर शाळांचे एकत्रीकरण होत गेले आणि या इमारती बंद पडल्या. काही पाडल्या गेल्या, काहींत गोदामे आली, काही तिथल्याच लोकांनी विकत घेऊन समाजगृहे म्हणून राखल्या. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २००२ मध्ये त्यांचा समावेश देशातील सर्वाधिक धोक्यातील ऐतिहासिक स्थळांच्या यादीत केला. आज मूळ इमारतींपैकी सुमारे दहा टक्केच उभ्या आहेत.