एथॅनॉल-मिश्रित पेट्रोल : एंजिन व निष्कास

पेट्रोलमध्ये निर्जल एथिल अल्कोहॉल (एथॅनॉल) ठराविक प्रमाणात मिसळून केलेले, ठिणगी-प्रज्वलन एंजिनांत वापरण्यात येणारे इंधन. मिश्रणातील एथॅनॉलाचे शेकडा प्रमाण ‘ई-१०’, ‘ई-२०’ अशा संज्ञांनी दर्शवितात. भारतात एथॅनॉल मळी, उसाचा रस व धान्ये यांपासून मिळवितात.

इतिहास : पेट्रोलमध्ये अल्कोहॉल मिसळण्यासंबंधीचा केंद्रीय कायदा भारतात १९४८ मध्ये झाला, तथापि मिश्रणाचा पद्धतशीर प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड व बरेली येथे सुरू झाला. २००३ मध्ये ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत ५% मिश्रण विकण्याची योजना आली. १०% ची पातळी २०२२ मध्ये, तर २०% ची २०२५ मध्ये गाठली गेली. जून २०२१ मध्ये पुणे शहरात तीन ठिकाणी शुद्ध एथॅनॉल (ई-१००) विकणारी प्रायोगिक केंद्रे सुरू करण्यात आली.

गुणधर्म : एथॅनॉलाच्या वजनात सु. ३५% ऑक्सिजन असतो. त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते. परंतु त्याच कारणाने उष्णतामूल्य घटून ते आकारमानाने पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश इतकेच राहते. निष्कास स्वच्छ होणे व प्रतिलिटर अंतर कमी होणे हे अशा रीतीने एकाच गुणधर्माचे दोन परिणाम होत. एथॅनॉलाचा ऑक्टेन अंक उच्च असल्याने संपीडन गुणोत्तर वाढवून बांधलेल्या एंजिनात ही तूट काही अंशी भरून निघते. जुन्या एंजिनात मात्र हा लाभ मिळत नाही.

चाचण्या : पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६), डेहराडूनची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियम व इंडियन ऑइल कंपनीचा संशोधन विभाग यांनी २०१४-१५ मध्ये ई-२० इंधनाचा अभ्यास केला. एंजिनात कोणताही फेरबदल न करता तपासलेली भारत स्टेज-३ वाहने थंड व उष्ण अशा दोन्ही स्थितींत सुरळीत चालली; भागांची अवाजवी झीज आढळली नाही. इंधनाची कार्यक्षमता मात्र वाहनाच्या प्रकारानुसार ६ टक्क्यांपर्यंत घटली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ई-२० मुळे कार्बन मोनॉक्साइड दुचाकींत सु. ५०% व चारचाकींत सु. ३०% कमी होतो, हायड्रोकार्बनेही सु. २०% घटतात. नायट्रोजन ऑक्साइडांत निश्चित कल दिसला नाही, तर ॲसिटाल्डिहाइडासारखी कार्बोनिल संयुगे वाढली. ऑक्सिजन-संवेदक असलेल्या नव्या एंजिनांत हवा-इंधन गुणोत्तर आपोआप राखले जात असल्याने कार्बन मोनॉक्साइडातील घट कार्ब्युरेटरयुक्त एंजिनांच्या मानाने कमी असते.

एथॅनॉल पाणी शोषून घेते आणि काही प्रकारचे रबर व धातू यांवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो. म्हणून इंधनाच्या नळ्या व जोडवलये यांसाठी योग्य द्रव्यांची निवड आवश्यक ठरते. २०२५ मध्ये जुन्या वाहनांच्या मालकांनी केलेल्या तक्रारी मुख्यतः या बाबी व घटलेले अंतर यांसंबंधी होत्या. मिश्रणाचे मूल्यमापन म्हणूनच केवळ इंधनावरून न करता ते कोणत्या एंजिनात जाळले जाते हे पाहून करावे लागते.