‘जीपमेन’ : एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या टोपणनावाचा इतिहास

प्रस्तावना :

चंद्रपूर–मूल–गडचिरोली या पट्ट्यात ‘जीप’ हा शब्द कोणत्याही एका कारखान्याच्या वाहनापुरता मर्यादित राहिलेला नाही. वनखात्याची गाडी, पोलीस ठाण्यासमोर उभी असलेली गाडी, निवडणुकीच्या काळात मतपेट्या घेऊन जंगलातील गावांकडे निघणारी गाडी आणि बसस्थानकाबाहेर प्रवाशांना हाका मारणारी काळी-पिवळी, या सर्वांना सामान्य माणूस सरसकट जीपच म्हणत आला. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचे हे बोलके उदाहरण होय. याच शब्दावरून मुंबईतील एका फुटबॉल संघाला ‘जीपमेन’ हे टोपणनाव मिळाले. तो संघ म्हणजे महिंद्रा युनायटेड. १९६२ साली स्थापन झालेला हा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला आणि २०१० साली विसर्जित करण्यात आला. संघाबरोबर त्याचे टोपणनावही मैदानावरून नाहीसे झाले.

क्रीडेतिहासात टोपणनावांचा विचार बहुधा गंमत म्हणून केला जातो. वस्तुतः संघाला लोक कोणत्या नावाने हाक मारतात यावरून तो संघ कोणाचा मानला जात होता, हे कळते. प्रस्तुत लेखात ‘जीपमेन’ या नावाची जडणघडण आणि त्याचा अकाली अंत यांचा मागोवा घेतला आहे.

जीप : आधी टोपणनाव, मग वाहन

मुळात ‘जीप’ हेदेखील टोपणनावच आहे, ही बाब येथे लक्षात घेणे अगत्याचे ठरते. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदविली. बँटम, विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी त्या दिशेने काम केले. सैनिकांनी या वाहनाला ‘जीप’ म्हणण्यास सुरुवात केली. पण का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. फोर्डच्या सांकेतिक अक्षरांतील ‘जी’ व ‘पी’ यांचा उच्चार एकत्र होऊन हा शब्द झाला, असे एक मत आहे. ‘पॉपाय’ या चित्रमालिकेत १९३६ साली अवतरलेल्या, कोठेही सहज जाऊ शकणाऱ्या ‘जीप’ नावाच्या विचित्र प्राण्यावरून सैनिकांनी ते उचलले, असे दुसरे मत आहे. काही असो, छावणीत जन्मलेल्या या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी विलीज-ओव्हरलँडला १९५० साली मिळाली. लोकांनी ठेवलेले नाव अशा रीतीने कंपनीच्या मालकीचे झाले. पुढे मुंबईत घडले ते याच्या नेमके उलट. कंपनीच्या मालावरून लोकांनी संघाचे नाव पाडले.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ ते १९५५ या काळात त्या देशाचे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात हिंदुस्थान सरकारच्या पुरवठा मंडळाच्या कामानिमित्त अमेरिकेत होते. तेथे त्यांनी जीप पाहिली होती. खडकाळ आणि रस्ते नसलेल्या देशाला हे वाहन उपयोगी पडेल, हा त्यांचा अंदाज अचूक ठरला. सुट्या भागांच्या स्वरूपात आलेल्या विलीज जीपची जुळणी मुंबईतील माझगाव येथे सुरू झाली. लष्कर, वनखाते, पाटबंधारे, आरोग्य अशा सरकारी विभागांतून ही गाडी देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. महिंद्रा म्हणजे जीप हे समीकरण लोकमानसात इतके पक्के झाले की, कंपनी ट्रॅक्टर बनवू लागल्यावर आणि नागपूरजवळ हिंगणा येथे तिचा ट्रॅक्टरचा कारखाना उभा राहिल्यावरही ते बदलले नाही.

कारखानदारांचे फुटबॉल

मुंबईतील फुटबॉलचा पाया ब्रिटिश पलटणींनी घातला. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकात सुरुवातीला गोऱ्या सैनिकी संघांचेच वर्चस्व होते. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ते मोडले. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या, आणि त्यांची जागा कलकत्त्याप्रमाणे जनसमूहांच्या क्लबांनी नव्हे, तर कंपन्या, गिरण्या, बँका आणि सरकारी आस्थापनांनी घेतली. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, मध्य रेल्वे, बेस्ट, बँक ऑफ इंडिया, एअर इंडिया ही नावे पाहिली की तो मुंबईच्या औद्योगिक इतिहासाचाच पट वाटतो. १९६२ साली स्थापन झालेला महिंद्राचा संघ याच मालिकेतील होता.

या पद्धतीत खेळाडू हा प्रथम नोकरदार असे. हजेरीपटावर नाव, महिन्याचा पगार, स्पर्धेच्या काळात सवलत आणि खेळ संपल्यावर कचेरीतील टेबल, असा हा व्यवहार होता. त्यात चमक नव्हती. पण गोवा, केरळ, कोल्हापूर आणि मुंबईच्या चाळींतून आलेल्या मुलांना तिने घर चालविण्याची हमी दिली. पायात चेंडू खेळवता येतो एवढ्या भांडवलावर आयुष्यभराची नोकरी मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या व्यवस्थेवर ‘हौशी खेळाच्या नावाखाली छुपी व्यावसायिकता’ अशी टीका नेहमी होते. ती तांत्रिकदृष्ट्या बरोबर असली तरी अन्यायकारक आहे, कारण निवृत्तीनंतर खेळाडूचे काय, हा प्रश्न तिने सोडविला होता. नंतरच्या करारपद्धतीला तो सुटलेला नाही.

टोपणनावाचे व्याकरण

‘जीपमेन’ हे नाव ठराव करून ठेवलेले नव्हते. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांतील क्रीडापानांवर ते रुळले, आणि त्यामागे त्या पानांची एक सवय होती. आस्थापनेच्या व्यवसायाला ‘मेन’ हा प्रत्यय जोडून संघाचा उल्लेख करावयाचा, अशी ती पद्धत. बँकेचा संघ ‘बँकमेन’, रेल्वेचा ‘रेल्वेमेन’, विमान कंपनीचा ‘एअरमेन’, तेल कंपनीचा ‘ऑइलमेन’. पंजाबातील फगवाड्याच्या जगतजित कापड गिरणीचा जे. सी. टी. हा संघ याच न्यायाने ‘मिलमेन’ झाला. मथळ्यात जागा थोडी असते आणि एकाच वृत्तांतात संघाचे नाव पुनःपुन्हा लिहिणे कंटाळवाणे होते. ही व्यावहारिक गरजच अशा नावांची जननी होती.

तथापि या कुटुंबात ‘जीपमेन’ वेगळे उठून दिसते. बँकमेन बँकेत खरोखरच काम करीत. रेल्वेमेन रेल्वेचे नोकर होते. येथे मात्र व्यवसायाऐवजी वस्तूचे नाव आले आहे. ‘मोटरमेन’ म्हटले असते तर मुंबईकरांना लोकलगाडीचा चालक आठवला असता, आणि ‘ट्रॅक्टरमेन’ला मैदानावर काही ऐट नव्हती. जीप म्हटली की चिखल, चढण, दणकटपणा आणि कोठेही वाट काढण्याची हिंमत डोळ्यांसमोर येते. फुटबॉल संघाला याहून नेमके विशेषण सापडणे कठीण. त्यामुळेच इतर ‘मेन’ वृत्तांतापुरते राहिले, तर ‘जीपमेन’ हे या संघाचे जवळजवळ दुसरे नाव बनले.

नाव छापून रूढ होते. ते कमवावे मात्र मैदानावर लागते. १९९८ साली महिंद्रा अँड महिंद्रा संघाने ड्युरँड चषक जिंकला. १८८८ साली सुरू झालेल्या या स्पर्धेतील विजयाने मुंबईचा संघ देशभराच्या चर्चेत आला. २००० च्या सुमारास संघाचे नाव ‘महिंद्रा युनायटेड’ असे करण्यात आले. त्यानंतर २००१ व २००८ साली पुन्हा ड्युरँड, २००३ व २००५ साली फेडरेशन चषक, २००६ व २००८ साली आय. एफ. ए. शील्ड अशी यशाची मालिका झाली. प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून या संघाने कळस गाठला. १९९६ ते २००७ या अकरा हंगामांत ही लीग जिंकणारा तो मुंबईचा एकमेव संघ. स्टीव्हन डायस, २०२५ साली भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील आणि मोहन बागानच्या प्रेक्षकांचा लाडका ब्राझीलचा होजे बरेटो हे वेगवेगळ्या काळात या संघाकडून खेळले.

एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. ज्या सुमारास संघ ‘युनायटेड’ झाला, त्याच सुमारास कंपनीची बोलेरो बाजारात आली आणि २००२ साली स्कॉर्पिओ आली. कंपनीची ओळख जुन्या जीपपासून दूर जात होती. पण वृत्तपत्रांनी संघाचे नाव बदलले नाही. टोपणनाव वस्तूपेक्षा चिवट निघाले.

हातोडा राहिला, जीप गेली

मग हे नाव टिकले का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लंडनचे एक उदाहरण उपयोगी पडते. टेम्स नदीकाठच्या ‘टेम्स आयर्नवर्क्स’ या जहाजबांधणी कारखान्यातील कामगारांसाठी १८९५ साली एक फुटबॉल संघ काढण्यात आला. कंपनीपासून वेगळा होऊन १९०० साली तो ‘वेस्ट हॅम युनायटेड’ झाला. १९१२ साली कारखाना कायमचा बंद पडला. तरीही या संघाला आजपर्यंत ‘हॅमर्स’ आणि ‘आयर्न्स’ म्हणतात, आणि लोखंडी रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांचे हातोडे त्याच्या बोधचिन्हावर आहेत. वूलिचच्या शस्त्रागारातील कामगारांनी १८८६ साली स्थापलेला आर्सेनल १९१३ साली शहराच्या उत्तर भागात गेला, तरी ‘गनर्स’ हे नाव त्याच्यासोबत गेले.

म्हणजे लंडनमध्ये कारखाना मेला आणि नाव जगले. मुंबईत कंपनी वाढत राहिली आणि नाव गेले. दोहोंतील फरक मालकीचा आहे. वेस्ट हॅमचा संघ कारखान्याच्या छत्राखालून बाहेर पडून एका वस्तीचा झाला होता. त्याचे टोपणनाव गोदीतील कामगारांच्या मुलांनी, नातवंडांनी वारसा म्हणून घेतले. जीपमेनना अशी वस्ती कधीच लाभली नाही. कांदिवलीच्या कारखान्यातील कामगार संघाचे कौतुक करीत असतीलही. परंतु सामने दक्षिण मुंबईत कूपरेजवर होत, जेथे कांदिवलीचा माणूस कामाच्या दिवशी दुपारी पोहोचणे अवघड. (कूपरेज हे नावही पिंपे बांधणाऱ्यांच्या कारखान्यावरून पडलेले आहे. व्यवसाय गेला, नाव उरले, असे खुद्द त्या मैदानाबाबत घडले आहे.)

महाराष्ट्रातच याचे दुसरे टोक कोल्हापुरात दिसते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब या संघांमागे मोठी कंपनी नाही. पण पेठ आहे. शाहू स्टेडियममध्ये लोक गर्दी करतात ती आपल्या गल्लीसाठी. तेथे संघ विसर्जित करण्याचा निर्णय कोणतेही संचालक मंडळ घेऊ शकत नाही.

मार्च २०१० मध्ये महिंद्राने हंगामाअखेर संघ विसर्जित करण्याचा निर्णय जाहीर केला. यापुढे शालेय पातळीवरील फुटबॉलकडे लक्ष देण्याचा मानस व्यक्त केला. हा निर्णय कंपनीच्या अधिकारातील होता, यात शंका नाही. परंतु अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका घोषणेने संपू शकतो, हे मुंबईच्या फुटबॉलचे मूळ दुखणे त्यातून उघड झाले. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, ‘मिलमेन’ जे. सी. टी.नेही आपला संघ बंद केला. ‘मेन’ प्रत्ययाची ती सबंध पिढीच अस्तंगत झाली.

आता नावे आधीच ठरविली जातात. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर आलेला मुंबई सिटी सात बेटांच्या स्मरणार्थ ‘आयलँडर्स’ म्हणविला जातो. त्याच वर्षीच्या एफ. सी. गोवाने राज्यप्राणी गवा हे आपले चिन्ह निवडले. ताडोबाच्या परिसरातील वाचकाला त्या बोधचिन्हातील रानगव्याची ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ही नावे सुबक आहेत, स्थळाशी इमान राखणारी आहेत. तथापि ती संघाबरोबरच जन्मली. ‘जीपमेन’प्रमाणे खेळता खेळता मिळालेली नाहीत. २००६ नंतर मुंबईला देशाचे सर्वोच्च लीग विजेतेपद पुन्हा मिळाले ते थेट २०२१ साली, मुंबई सिटीकडून.

संघ बंद झाला त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, महिंद्राने थार बाजारात आणली. जुन्या जीपचाच वारसा सांगणारी ही गाडी जंगलाच्या रस्त्यांवर आणि शहरांतही लोकप्रिय झाली. ‘जीप’ या नावाचे हक्क मात्र अमेरिकन कंपनीकडेच राहिले. ड्युरँड चषकाच्या विजेत्यांच्या यादीत १९९८ पुढे महिंद्रा अँड महिंद्रा आणि २००१ व २००८ पुढे महिंद्रा युनायटेड अशी नोंद आहे. प्रेक्षकांना परिचित असलेले तिसरे नाव त्या यादीत नाही. ते जुन्या वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर शोधावे लागते.