कामगार कोणाला म्हणावे?

कामगार-कायद्यांविषयी बोलताना आपण बहुधा कामाचे तास, रजा आणि वेतन यांचा विचार करतो. पण हे सारे हक्क ज्या एका शब्दाच्या दारातून माणसाच्या हाती पडतात, त्या ‘कामगार’ या शब्दाकडे क्वचितच लक्ष जाते. मालक कायदा नेहमी उघडपणे मोडतोच असे नाही. पुष्कळदा तो एवढेच म्हणतो, ‘कायदा उत्तम आहे, पण हा माणूस त्यात बसत नाही.’ आपल्याकडील कामगार-कायद्याचा इतिहास हा बव्हंशी या एका वाक्याला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

पहिला फॅक्टरी ॲक्ट 1881 साली झाला. यंत्रशक्तीवर चालणारा, शंभर माणसांचा आणि वर्षातून निदान चार महिने चालणारा कारखानाच त्यात येई. आणि संरक्षण होते ते केवळ मुलांना. नव्याण्णव माणसे ठेवणारा मालक बाहेर, हंगाम चार महिन्यांच्या आत उरकणाराही बाहेर! 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने शंभराची अट पन्नासावर आणली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सिन्नरची विडी कोणाला ठाऊक नाही? विडीला यंत्र लागत नाही. पान, तंबाखू, दोरा आणि बोटे एवढ्यावर धंदा चालतो. 1948 च्या कारखाना कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या कारखान्यास वीस माणसांची अट होती. मोठे विडी कारखाने तिच्यात येत. तरीही तंटा उभा राहिला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

‘शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1961 च्या खटल्यात प्रश्न होता एका विडी वळणाऱ्याच्या अवघ्या चार दिवसांच्या भरपगारी रजेचा. मालकाचे म्हणणे असे, की हा मनुष्य वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो आणि वळेल तितक्या विड्यांचे पैसे घेतो. त्याच्यावर आमची देखरेख कसली? बहुमताने हे म्हणणे मान्य झाले व तो कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ ठरला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र विरोधी मत नोंदविले. चार दिवसांची मजुरी ती काय, असे कोणी म्हणेल. पण त्या चार दिवसांच्या मागे हजारो हातांचा हक्क उभा होता.

त्याच वर्षी ‘छाटे’चाही निकाल लागला. छाट म्हणजे मालकाने वाईट म्हणून बाजूला काढलेली विडी. तिची मजुरी मिळत नसे. किमान वेतनाचा दर ठरला, तरी छाट वाढविली की तो दर आपोआप उतरे. यावर उपाय म्हणून सरकारने 1958 साली विदर्भासाठी अधिसूचना काढली होती. गोंदियाच्या व्यापारी संघाने तिला आव्हान दिले आणि छाटेचा तंटा सोडविण्याची तिच्यातील कलमे किमान वेतन कायद्याच्या कक्षेबाहेरची ठरून रद्द झाली.

या दोन निकालांवर नुसते हळहळत बसण्याचे कारण नाही. कायद्यात फट कोठे आहे, हे त्यांनी बोट ठेवून दाखविले. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले, वार्षिक रजा दिली आणि छाटेच्या तंट्याची सोय केली. मालकांनी यालाही आव्हान दिले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

हा प्रश्न विडीपुरताच आहे, असे मात्र कोणी समजू नये. 1988 साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे. महाराष्ट्रात खाजगी शाळांसाठी 1977 चा स्वतंत्र कायदा आणि शाळा न्यायाधिकरण होते, म्हणून येथील शिक्षकाला दाद मागायला जागा राहिली. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचेही तेच झाले. शिक्षक त्यात बसत नाहीत, असा निकाल 2004 साली लागला; संसदेने 2009 साली दुरुस्ती केली आणि ती 3 एप्रिल 1997 पासून लागू धरली. म्हणजे विडी वळणारा आणि फळ्यापुढे उभा राहणारा, दोघांनाही एकच दार ठोठवावे लागले.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. 1966 चा विडी कायदाही त्यांत सामावला गेला. कायद्यांची नावे बदलली, पण प्रश्न तोच राहतो. आपल्यापैकी कोणी दुकान चालवितात, कोणी शाळेच्या संस्थेवर विश्वस्त आहेत. सल्लागार आपल्याला सहज सांगेल, की माणसे कंत्राटावर दाखवा, मानधनावर ठेवा, हजेरीपुस्तकात नाव घालू नका. अशा वेळी एकच विचारावे: काम आपले, वेळ आपली, हुकूम आपला; मग माणूस तेवढा परका कसा? कायद्याच्या पालनाचा आरंभ हजेरीपुस्तकात खरे नाव लिहिण्यापासून होतो. ते नाव लिहायला तपासनीस यावा लागू नये, इतकेच माझे मागणे आहे.