चिमूटभर मीठ आणि बुद्धी

आपण मंडळी या देशात आलो ती डोक्याच्या भांडवलावर. त्यामुळे शब्द आठवेनासे झाले, हिशेब जुळेनासा झाला, की आपण पहिला संशय घेतो तो स्वतःच्या लायकीवर. घरचे म्हणतात, 'आळस वाढलाय.' पण बुद्धीची गती गळ्यातल्या एका लहानशा ग्रंथीवरही अवलंबून असते, हे सिद्ध व्हायला बराच काळ लागला. आणि त्यातला मोठा अध्याय इथलाच, अमेरिकेतला आहे.

१८८८ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने शंभरावर रुग्णांचा अहवाल काढला. त्यांचं बोलणं संथ, विचार संथ, स्मरणशक्ती क्षीण. कारण एकच : थायरॉइड ग्रंथी निकामी झालेली. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा एका बाईंना बरं केलं. त्या पुढे २८ वर्षं जगल्या. मग १९१४ च्या नाताळच्या दिवशी, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी त्या ग्रंथीच्या संप्रेरकाचे स्फटिक वेगळे केले. या संप्रेरकासाठी आयोडीन लागतं.

आणि ग्रेट लेक्सच्या आसपासच्या मातीत नेमकं आयोडीनच कमी! तिथे गलगंड घरोघरी दिसे. १९१७ पासून ओहायोतल्या ॲक्रन गावी डेव्हिड मरीन आणि ऑलिव्हर किंबॉल यांनी शाळकरी मुलींना आयोडीन दिलं. ते घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ पैकी ४९५ जणींची. १९२४ च्या मे महिन्यात मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ दुकानांत आलं आणि त्याच वर्षी ते देशभर पोहोचलं.

गळे सुधारले, हे डोळ्यांना दिसलं. डोकी सुधारली का, याचं उत्तर मात्र फार उशिरा मिळालं. फेयरर, पोलिटी आणि वाइल या अर्थशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नोंदी तपासल्या. ज्या भागांत आयोडीन सर्वांत कमी होतं, त्या चतुर्थांश लोकसंख्येत मीठ आल्यानंतर जन्मलेल्यांचा बुद्ध्यंक सुमारे १५ गुणांनी वाढला, असा त्यांचा अंदाज. याची दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षं गलगंड असलेल्या अनेक वयस्कांची ग्रंथी अचानक मिळालेल्या आयोडीनने बेफाम झाली आणि त्यात हजारो दगावले, असंही तेच म्हणतात.

माझी स्वतःची ग्रंथी चाळिशीत मंदावली. दुपारी तीननंतर आपलाच कोड परका वाटे. परिचितांनी 'वय झालं' असा निकाल दिला. साध्या रक्तचाचणीने वेगळा दिला. अमेरिकेत आज प्रौढांमध्ये याचं मुख्य कारण आयोडीनची कमतरता नाही, तर हाशिमोटो आजार आहे : शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. तिथे मिठाचा उपयोग नाही, रोजची गोळी लागते. गोळीने बहुतेकांना बरं वाटतं. काहींचा थकवा मात्र त्यानंतरही रेंगाळतो, आणि तोही खरा असतो.

मीठ मात्र विसरू नये. या देशात मिठात आयोडीन घालण्याची सक्ती नाही. उपासाच्या सैंधवात आणि कोशर मिठात ते सहसा नसतं. घरात गरोदर सून-लेक असेल तर डॉक्टरांना याविषयी जरूर विचारावं. आणि घरातलं कुणी मंदावलंसं वाटलं, तर 'आळशी' हा शिक्का मारण्याआधी टी.एस.एच.ची तपासणी करून घ्यावी. ओहायो-मिशिगनमधल्या कित्येक पिढ्यांना ती सोय नव्हती.