दावं सुटलेला हातमोजा

स्की करणाऱ्यांच्या गरम हातमोज्याच्या मनगटाशी एक बटण असतं. ते दाबून धरलं की लाल दिवा लागतो आणि थोड्याच वेळात बोटांच्या टोकांना ऊब जाणवू लागते. हे लाड बर्फावरच्या हौशी मंडळींसाठीच सुचले असावेत असं वाटतं. पण या मोज्याचं कूळ आहे विमानातलं, आणि तेही लढाऊ.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं जर्मनीवर पंचवीस हजार फुटांवरून जायची. बाहेर उणे चाळीस अंश, कधी त्याहूनही खाली. विमानाच्या कुशीतला तोफची सुरुवातीला उघड्या खिडकीपाशी उभा असे. मशीनगन अडकली की मोजा काढायचा मोह व्हायचा, आणि उघडं बोट गार लोखंडाला लागलं की चामडी तिथेच चिकटायची. या पोरांना शत्रूच्या गोळीइतकीच हिमदंशाचीही धास्ती होती.

त्यांच्यासाठी विजेवर तापणारा पोशाख आला. त्याच्या फिक्या निळ्या रंगावरून त्याला ‘ब्लू बनी’ म्हणत. आत तारा शिवलेल्या, वीज विमानाची, चोवीस व्होल्टची. हातमोजेही त्याच जोडणीतले. घोटाळा असा की हे सगळं गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखं एकामागे एक जोडलेलं होतं: एका मोज्यातली तार तुटली की अख्खा पोशाख गार! पुढच्या नमुन्यांत जोडणी बदलली. तरी दावं होतंच. गाय खुंट्याला बांधावी तसा माणूस वायरीने विमानाला बांधलेला.

तार तापवायची विद्या काही नवी नव्हती. अल्बर्ट मार्शने १९०६ साली निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. टोस्टर तापतो तो त्यावरच. अडत होतं ते खुंट्यापाशी, म्हणजे विजेपाशी. स्की करणाऱ्याला वायर परवडत नाही. टॉर्चचे जाडजूड सेल खोचून पाहिले, पण ते जड, आणि लवकर मान टाकणारे. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि पुढे ती काडेपेटीएवढी होऊन मोज्याच्या मनगटात जाऊन बसली. तेव्हा कुठे दावं सुटलं.

आपल्या गुलमर्गच्या उतारांवरही स्कीइंग जुनं आहे. तिथला स्की क्लब १९२७ सालचा. शेजारी फेरनाआड, म्हणजे पायघोळ झग्याआड, कांगडी ही छोटी शेगडी धरून बसलेला काश्मिरी माणूस मात्र सगळं निखाऱ्यांवर भागवतो. फक्त कांगडी घेऊन उतारावरून घसरता येत नाही, एवढंच.

थंडीत आधी बोटंच का गारठतात? गारठा वाढला की शरीर हातापायांकडचं रक्त आवरतं घेऊन आतल्या अवयवांची ऊब राखतं. रेनॉडचा त्रास असलेल्यांच्या रक्तवाहिन्या तर जरा गारवा लागला तरी आवळतात, आणि बोटं पांढरीफटक पडतात. अशांना हा मोजा बर्फाविनाही कामी येतो.

गंमत म्हणजे थंडीत ही बॅटरीही लवकर दमते. म्हणून जाणती मंडळी जादाची जोडी पाठपिशवीत टाकत नाहीत. जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात.